एस्तर, तुझ्या फोटोला किती ऊन देऊ?

एस्तर, लग्न लागून गेल्यावर नवरीला हळद लावणारी बाई अख्ख्या श्रीरामपुरात एकच झाली, आणि ती मी. तुझ्या स्टुडिओत, तुझ्याच खुर्चीवर बसून, तुझ्याच कॉम्प्युटरवर लावली. तू त्या दिवशी नगरला एका साखरपुड्याचे फोटो काढायला गेली होतीस. जाताना म्हणालीस, "कुसुमताई, एवढा अल्बम बघून ठेवा. रंग जरा ऊबदार करा आणि लॅबला पाठवून द्या." मला ऊबदार म्हणजे काय हे कळून थोडेच दिवस झाले होते. वय तरी काय माझं? अवघी चौपन्न वर्षांची पोर. नवीन अक्कल आलेल्या माणसाच्या हातात कधी काही देऊ नये. तू अख्खं लग्न दिलंस.

फोटो उघडले. चर्चमधलं लग्न होतं. नवरी सावळी, गोड, हसरी. आणि अंगावर नखशिखांत पांढरी साडी.  आमच्या भावकीत नवरी पांढऱ्यात दिसली तर म्हाताऱ्या बायका जागेवर रडायला लागतील. मी तोवर तुमच्यातलं एकही लग्न पाहिलेलं नव्हतं. मला वाटलं, कॅमेराच चुकला असणार. एवढ्या मोठ्या दिवशी पोरीच्या अंगावर रंग नाही असं कसं होईल?

मग मी पडद्यावरच्या त्या रंगाच्या पट्टीला हात घातला. निळ्याकडून पिवळ्याकडे सरकते ती. थोडी सरकवली, साडी सायीसारखी झाली. बरं वाटलं. आणखी सरकवली, केशरी दुधासारखी झाली. म्हटलं, आता कशी नवरी वाटतेय! आणखी सरकवली. एका फोटोला केलेलं सगळ्या फोटोंना एकदम कसं लावायचं, हे तू आदल्याच दिवशी शिकवलं होतंस. बाकीचं काही डोक्यात राहिलं नव्हतं, ते मात्र बरोब्बर राहिलं होतं. एक बटण दाबलं आणि नवरी, नवरा, करवल्या, केक, भिंती, सगळ्यांना हळद लागली. पास्टरांचा पांढरा झगा असा झाला की ते खंडोबाच्या जत्रेत भंडारा खेळून थेट लग्न लावायला आलेत असं वाटावं. मी फोटो लॅबला धाडले आणि स्वतःला चहा करून घेतला. चहासुद्धा फार ऊबदार झाला होता.

अल्बम छापून आला, त्यांच्या घरी गेला, आणि चौथ्या की पाचव्या दिवशी नवरीची आई तो काखेत मारून दुकानात हजर झाली. मी काउंटरच्या मागं स्टुलावर होते. ती तुला म्हणाली, "बाई, हळद आम्ही घरी लावली हुती पोरीला. चांगली दणकून लावली. मग घासून घासून काढली अन् पांढरं नेसवलं. तुमी परत लावली व्हय?"

म्हणजे बघ, हळद तुमच्यातही असते हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मी जी लावली ती वरकड झाली.

तू अल्बम घेतलास. एकेक पान उलटत गेलीस. मी मनातल्या मनात पिशवी उचलून घरी पोचलेसुद्धा होते. पास्टरांच्या पानावर तू थांबलीस. आधी तुझा एक खांदा हलला, मग दुसरा. मग तू काउंटरवर डोकं टेकवून अशी हसलीस की नवरीच्या आईलाही हसू आवरेना. "अवो, पास्टर बघा ना कसे झालेत," ती पदर तोंडाला लावून म्हणाली. डोळे पुसून तू तिला सांगितलंस, "मावशी, सगळा परत करून देते. चूक माझी. सांगायचं राहिलं माझ्याकडून."

तुझ्याकडून. मी तिथंच बसले होते, पण तू माझ्याकडं बोट दाखवलं नाहीस.

ती गेल्यावर तू शटर अर्धं ओढलंस. मला वाटलं, आता खरं सुरू होणार. तू माझ्यापुढं स्टूल ओढून बसलीस आणि विचारलंस, "पांढरं पाहून काय वाटलं तुम्हाला?" मी खरं सांगितलं. रडवेली होऊन सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "माझ्या लग्नात पांढऱ्या साडीवर डाग पडू नये म्हणून मी दिवसभर आमटीला शिवले नाही. भुकेनं जीव गेला. आमच्यात आनंदाचा रंग तो. पण तुम्हाला तो भकास दिसला आणि पोरीचं वाईट वाटलं, म्हणून तुम्ही ती पट्टी सरकवली. मन चांगलं होतं, डोळा चुकला. डोळा शिकवता येतो, कुसुम."

त्या दिवशी माझं 'ताई' गेलं आणि मी तुझी कुसुम झाले. एवढी मोठी चूक करून बढती मिळालेली बाईही श्रीरामपुरात मीच असेन.

मग तू तो अल्बम माझ्याकडूनच परत करून घेतलास. पहिला धडा तोच. "आधी पांढरं शोधायचं," तू म्हणालीस. "जे खरंच पांढरं आहे ते फोटोत पांढरं दिसलं पाहिजे. ते एकदा जागेवर बसलं की बाकीचे रंग आपापल्या जागा धरतात. ऊन द्यायचं ते त्याच्यानंतर." मी साडीवर माऊसनं टिचकी मारून कॉम्प्युटरला 'हे पांढरं' असं दाखवलं आणि नवरीचे गाल, हातावरची मेंदी, मागचा लाकडी बाक, सगळं आपलं आपलं परत आलं. त्यावर तू जे केलंस ते मी कितीतरी दिवस नुसतं बघत राहिले. साडीला हात न लावता तू सावल्यांना थोडी ऊब दिलीस. काळ्याचा कडकपणा काढलास. कातडीवर उन्हाचा हलकासा हात फिरवलास. साडी पांढरीच राहिली, आणि तरी सगळा फोटो कुणीतरी पदराखाली घेतल्यासारखा दिसायला लागला. गावात लोक त्याला 'एस्तरबाईंचा कलर' म्हणायचे. दुसऱ्या स्टुडिओवाले विचारायचे, कुठलं सॉफ्टवेअर वापरता? तू सांगायचीस, "तुमचंच."

आपली ओळख कशी झाली ते सांगताना तू नेहमी मीठमसाला लावायचीस, म्हणून खरं काय ते इथं लिहून ठेवते. मी बँकेच्या कामासाठी माझा फोटो काढायला आले होते. तुझ्या पडद्यावर एका नवराबायकोचा फोटो होता, ट्यूबलाइटखाली काढलेला, दोघंही हिरवट. मला तोंड आवरत नाही हे तुला पुढं कळलंच. मी म्हणाले, "कच्च्या रसासारखा झालाय हा. अजून कढवा की जरा." तू मान वळवून "म्हणजे?" असं विचारलंस, आणि मी माहेरचं गुऱ्हाळ काढून बसले. रस काहिलीत पडतो तेव्हा हिरवट मळकट असतो. कढत गेला की पिवळा, मग सोनेरी, आणि मग तो एक क्षण येतो, त्याच्यापुढं जरा जरी गेला तर गूळ काळा पडला म्हणून समजा. माझे वडील नुसता रंग बघून काहील उतरवायला सांगायचे. मी त्यांच्याशेजारी उभं राहून बघायचे. तू सगळं ऐकलंस, आणि खुर्चीवरून उठून म्हणालीस, "या. तुम्हीच उतरवा."

अगं, दुकानात आलेल्या अनोळखी बाईला कुणी खुर्ची देतं का? मी बसलेसुद्धा. तोवर आयुष्यात मी रंग बघितले होते ते भाजीच्या फोडणीतले आणि पापडाच्या उन्हातले. ह्यांची फॅक्टरीतली नोकरी संपत आलेली, मुलं आपापल्या मार्गाला लागलेली, आणि मी दुपारी झोपून संध्याकाळी डोकं धरून बसणारी बाई. "माऊस असा धरायचा, उंदीर धरल्यासारखा नाही," तू म्हणालीस, आणि माझी दुपारची झोप कायमची गेली. ह्यांनी चार दिवस बघून विचारलं, "रोज कोनाचा फोटो काढाया जातीस?" मी म्हणाले, "लोकांचे." ते म्हणाले, "मंग जेवण कोन काढणार?" पण डबा घेऊन दुकानात यायलाही तेच लागले, आणि तुझ्या हातचं खारं वांगं खाऊन माझ्या वांग्याला नावं ठेवायलाही.

आता त्या माझ्या साठीच्या फोटोचं. तो विषय तू गेल्यावरसुद्धा माझ्या डोक्यातून जात नाही, कारण तो वाद आपण अर्धाच सोडलाय.

तुला माझा लग्नाआधीचा फोटो आठवतो ना, स्थळांना दाखवायचा? माझ्या आत्यानं अर्धा डबा पावडर माझ्या तोंडाला फासली होती, आणि उरलेली कसर त्या स्टुडिओवाल्यानं ब्रश मारून भरून काढली होती. त्यात मी पिठाच्या गिरणीत कामाला असल्यासारखी दिसते. ह्यांच्याकडचे बघायला आले तेव्हा त्यांनी फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत फोटोकडं बघितलं. होकार आला तो मला की फोटोला, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारायची सोय नाही. ह्यांनी खरं सांगितलं तर?

तुला हे सांगितलं तेव्हा मी हसत होते. तू हसली नव्हतीस. तू म्हणालीस, "म्हणून मी कुणाला गोरं करत नाही." आणि खरंच केलं नाहीस. किती आया यायच्या, "बाई, पोरीचं जमवायचंय, जरा उजळ करा." तू म्हणायचीस, "उजेड देते. उजळ करत नाही." त्यांना ते कळायचं नाही, फोटो हातात पडल्यावर कळायचं. पोरगी तीच, रंग तोच, पण कुणीतरी प्रेमानं हाक मारली आणि तिनं वळून बघितलं, असा फोटो.

आणि तुझ्या हाताखाली इतकी वर्षं काढून मी काय केलं? साठी झाली म्हणून तू माझा फोटो काढलास, दुकानाच्या दारात, चार वाजताच्या उन्हात. तू जेवायला गेलीस तेवढ्यात मी तो उघडला. डोळ्याखालचं काळं पुसलं, कपाळाच्या आठ्या पुसल्या, हनुवटीवरचा तीळ, जो माझ्या आईलाही होता, तोही पुसला. मग वर ऊन ओतलं, ते ओतलंच. गुळाची ढेप झाली माझी. मला काय आवडली! घरी नेऊन ह्यांना दाखवली. ह्यांनी चष्मा लावला, काढला, आणि विचारलं, "ही कोन? आन् आमची कुठं गेली?"

दुसऱ्या दिवशी तू ते पाहिलंस. तेव्हाचं भांडण सगळ्या गल्लीनं ऐकलं असेल.

"मऊ कर ना, कुसुम. कितीही मऊ कर. पुसू नको."

"थोडं पुसलं तर कुणाचं काय जातं?"

"ज्याचं पुसलं त्याचं जातं."

"अगं, पण माझंच आहे ना ते? मलाच नको असेल तर?"

तू तोंड उघडलंस आणि तेवढ्यात पासपोर्ट फोटोवाला आला. त्याचा फोटो काढून होईपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि मग तू काही बोलली नाहीस. मी तीन दिवस दुकानात फिरकले नाही. चौथ्या दिवशी आले तर तू काढलेला माझा फोटो, आठ्यांसकट, तिळासकट, दुकानाच्या दर्शनी काचेत लावलेला. मला न विचारता! मी भांडायला तोंड उघडणार तोच हे डबा घेऊन आले, काचेपाशी थांबले, आणि त्या फोटोपुढं त्यांनी टोपी सरळ केली. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्यापुढं कधी टोपी सरळ केली नव्हती त्यांनी. मग मी त्यांच्या हातातला डबा घेऊन उघडला. पण हरले नव्हते हं. माझ्या प्रश्नाला तू उत्तर दिलंच नाहीस. ज्याचं त्यालाच नको असेल तर पुसावं की नाही? पुढं कितीदा तरी आपण तिथपर्यंत आलो. कधी गिऱ्हाईक आलं, कधी लाइट गेली, आणि मग तुझं दुखणं आलं.

दुखण्याचं मी लिहिणार नाही. तूही त्याबद्दल बोलायची नाहीस. दुकानात येऊन बसायचीस, आणि मी जास्त पिवळं केलं की काठीनं माझ्या स्टुलाला टोचायचीस, एवढंच लिहिते.

तू गेल्यावर आठ दिवसांनी रिबेकाचा फोन आला. तुझी लेक पुण्याहून निघाली ती वेळेत पोचली नाही, हे तुला माहीत आहे, आणि ते तिच्या मनातून जाणार नाही हेही तुला माहीत असेल. ती म्हणाली, "मावशी, रविवारी आईसाठी घरी प्रार्थना ठेवलीय. फोटो पाहिजे. तूच कर."  मग म्हणाली, "तिला चांगली कर मावशी. मी आले तेव्हा जो चेहरा पाहिला ना, तो मला परत बघायचा नाहीये. आजारी नको दिसू दे. पूर्वीसारखी कर."

मी "करते" म्हणाले. अगं, दुसरं काय म्हणणार होते?

दुकान उघडलं. आणि तेव्हा लक्षात आलं की सगळ्या तालुक्याचे फोटो तुझ्याकडं आणि तुझे कुठंच नाहीत. जन्मभर कॅमेऱ्याच्या मागं उभी राहिलीस. लग्नातला एक आहे, त्यात तू भुकेलेली. आधार कार्डावरचा आहे, त्यात तू फरार. राहता राहिला एक, माझ्या मोबाईलमधला, पावसाळ्याच्या आधी सहज काढलेला. आतल्या खोलीत ट्यूबलाइटखाली तू उभी आहेस. समोर कुणीतरी गिऱ्हाईक असणार, ते फोटोत नाही. चष्मा डोक्यावर, तोंड अर्धवट उघडं, काहीतरी सांगतेयस, आणि उजव्या हाताची दोन बोटं हवेत खाली दाबल्यासारखी. काय सांगत होतीस, कुणाला, मला आठवेना. गाल बसलेले, गळ्याची हाडं वर आलेली. आणि सगळं हिरवट. कच्चा रस.

मी बसले. रिबेकानं सांगितलं होतं तसंच केलं. गाल भरले. गळ्याची हाडं बुजवली. तोंड मिटवलं, ते कसं मिटवायचं हे तूच शिकवलंस. ऊन दिलं. छान झाला फोटो, एस्तर, अगदी छान. कुठल्याही कॅलेंडरवरची प्रेमळ आई. रिबेकाला पाठवला. तिचं उत्तर आलं, "छान आहे मावशी."

आता हे 'छान' तुला आणि मला चांगलं माहीत आहे. ज्या गिऱ्हाइकाला फोटोत आपलं माणूस सापडत नाही पण बोलायची भीड वाटते, ते काउंटरवर उभं राहून असंच 'छान' म्हणतं. तू अशा वेळी हातातला फोटो परत घ्यायचीस आणि म्हणायचीस, "उद्या या." मी मोबाईल ठेवला आणि कितीतरी वेळ त्या कॅलेंडरवरच्या आईकडं बघत बसले. ती कुणाशी भांडली नसती. तिनं कुणाच्या स्टुलाला काठी टोचली नसती. मला हळदीच्या अल्बमबद्दल तिनं माफ केलं असतं, पण हसली नसती.

माझ्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा माझं मलाच द्यावं लागलं, म्हणून मी तुझ्यावर थोडी चिडलेलीही आहे. ज्याचं त्यालाच नको असेल तर पुसावं का? मी साठीला माझं पुसलं तेव्हा ते निदान माझं होतं. हा चेहरा रिबेकाचा नव्हता. माझाही नव्हता. तुझा होता, आणि तुला विचारायची सोय राहिलेली नव्हती. आणि मला वाटलं, पोरीला तो शेवटचा चेहरा विसरायचाय ते खरं, पण त्याच्या जागी तिला आई पाहिजे. कॅलेंडर देऊन कसं भागेल?

मी सगळं उलटवलं. मूळ फोटोवर आले. आधी पांढरं शोधायला लागले. भिंत पांढरी नव्हती, कागद फोटोत नव्हता. मग तुझ्या कानामागं बघितलं. तू केसांना कधी काही लावलं नाहीस. मी वाटीभर मेंदी थापून बसायचे तेव्हा हसायचीस. तुझ्या कानामागच्या त्या पांढऱ्या बटेवर मी टिचकी मारली. माझ्या केसांवर मारली असती तर लाल मेंदीनं फसून कॉम्प्युटरनं अख्खं दुकान निळं करून टाकलं असतं. तुझ्या केसांवर मारली आणि हिरवं गेलं. सावळा रंग वर आला. हाडं तशीच राहिली, गालही. तोंड उघडं राहिलं, बोटं हवेत राहिली. काळ्याचा कडकपणा थोडा काढला. डोळ्यांखाली मऊ केलं. पुसलं नाही. मग ऊन. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पुरे." मी त्याच्यापुढं आणखी एक नखभर दिलं. तेवढं माझं. इतकी वर्षं तुझ्याशी भांडले, तर नखभर तरी माझ्या मनासारखं होऊ देशील की नाही?

काहील उतरवली आणि मग रडले. आधी रडले असते तर पडदा दिसला नसता.

तो मी रिबेकाला पाठवला नाही. पाठवायचं धाडस झालं नाही. फ्रेम करून कापडात गुंडाळून रविवारी सकाळी ह्यांच्या हातात दिली. "जपून," मी म्हणाले. "डबे नेऊन सवय हाय हाताला," हे म्हणाले, आणि रिक्षात फ्रेम मांडीवर अशी धरून बसले जशी नात लहान असताना तिला धरायचे.

तुमच्या घरी माणसं जमायला लागली होती. गाण्यांसाठी बाजाची पेटी काढून ठेवली होती. टेबलावर पांढरं कापड, बाजूला निशिगंधाच्या कांड्या. ह्यांनी फ्रेम ठेवली, कापड काढलं आणि मागं येऊन भिंतीला टेकले. मी स्वयंपाकघराच्या दारात कपांचा ट्रे धरून उभी. उगाच. चहाला वेळ होता. हात कुठंतरी गुंतलेले बरे असतात.

मला तुला थँक्यू म्हणायचं राहिलंय. तू होतीस तोवर कधी म्हणावंसं वाटलं नाही; आपण काय तसल्या बायका होतो का? तू चूक स्वतःवर घेतलीस तेव्हा म्हटलं नाही. माझा फोटो काचेत लावलास तेव्हा म्हटलं नाही. चौपन्नाव्या वर्षी एका बाईला खुर्ची देऊन तू तिला जे दिलंस, त्याला माझ्याकडं शब्द नाही. पिठाच्या गिरणीतून बाहेर आले मी, एवढंच म्हणते. हे सगळं मी त्या दारात उभी राहून मनात बोलत होते, आणि तेवढ्यात रिबेका आतल्या खोलीतून आली.

पांढरी साडी, केस ओले, डोळे सुजलेले. टेबलापाशी आली आणि तिथंच थांबली.  मी तिला शब्द दिला होता आणि मोडला होता. आजारी नको दिसू दे म्हणाली होती, आणि हाडं तिथं होती. पूर्वीसारखी कर म्हणाली होती, आणि मी केली नव्हती. पोरीनं पाठ फिरवली असती, फ्रेम पालथी घातली असती, तरी मला एक शब्द बोलता आला नसता.

तिनं बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं वळली, माझ्या हातातला ट्रे घेऊन खाली ठेवला आणि म्हणाली,

"मावशी, तिच्यापुढं गेले ना, तर आपोआप पाठ ताठ झाली माझी. ती फोटोच काढतीय गं माझा. 'हनुवटी खाली, बाळा. आणखी थोडी. हां. आता हलू नको.'"